काचेतून दिसलेला हात

रेघवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. लोखंडावर ते वेल्डिंगची रेघ ओढत, ती इतकी सरळ आणि एकसारखी असायची, की कुणीतरी कधीतरी गमतीने हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. खरं आडनाव आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये जुनं अवजड मशीन, दाराशी पाइपांची चळत. गेट म्हणा, ग्रिल म्हणा, जिना म्हणा, सगळं इथे बनायचं, आणि दोघांच्या हातांनी बनायचं. वेल्डिंग ते करायचे, जोडायचा जॉब त्यांची बायको धरायची.

धरायची म्हणजे कशी, ते आधी सांगायला हवं. हातात जाड कातडी मोजे, पाय रोवलेले, दोन पाइप काटकोनात पकडलेले. रॉड टेकवण्याआधी रेघवाले म्हणायचे, "डोळे." की तिने डोळे घट्ट मिटायचे आणि मान वळवायची. चरचर थांबली की म्हणायचे, "हं." की उघडायचे. शेडमध्ये तोंडावर धरायची काळी काच एकच, आणि ती त्यांच्या हातात. दुसरी आणू, आणू म्हणत अर्धा संसार झाला. लग्नापासून तिने किती गेटं धरली असतील त्याला गणती नाही, पण नवरा वेल्डिंग करताना कसा दिसतो ते तिने एकदाही पाहिलं नव्हतं. बायका नवऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात असं आपण नुसतं बोलतो. ही खरंच ठेवत होती.

गेल्या वर्षापासून मात्र रॉड चिकटायला लागला होता. रॉड लोखंडापासून केसभर वर धरावा लागतो. जवळ गेला तर चिकटतो, लांब गेला तर ठिणगी तुटते. रॉड चिकटणं हे शिकाऊ माणसाचं लक्षण, आणि इथे तर साक्षात रेघवाले. ते रॉड हिसकून काढायचे आणि मशीनचा उद्धार करायचे. "करंट पडतोय मेल्याचा. म्हातारं झालंय." तिचे डोळे मिटलेले असले तरी कान उघडे होते. पूर्वी तो आवाज कसा एकसुरी यायचा, कढईत काही तळत असल्यासारखा. आता तुटत तुटत यायचा. शिवाय धरलेल्या पाइपातून एक बारीक थरथर तिच्या मोज्यांपर्यंत पोचायची. मशीनचीच ती, असं तिने मनाला सांगितलं. मन इतकं लबाड, की त्याने लगेच मानलं.

मग तो कठडा सुटला. एका घराच्या वरच्या मजल्यावरचा, यांनीच बसवलेला. रंगारी त्याला टेकून छताला ब्रश लावत होता, तो कठड्यासकट खाली गेला. जीव वाचला, कंबर मोडली. आता तो पुन्हा शिडी चढेल असं कुणी म्हणत नाही. रेघवाले तिथे गेले, तुटलेला जोड उचलून उलटसुलट पाहिला आणि घरी येऊन न जेवता झोपले. वरून रेघ भरलेली होती. आत लोखंडाने लोखंडाला धरलेलंच नव्हतं.

सकाळी त्यांनी जाहीर केलं, "हे मशीन भंगारात. नवीन येईल तेव्हाच त्या जिन्याला हात लावेन."

जिना म्हणजे पुढचं काम. एका बालवाडीला बाहेरून वर जाणारा लोखंडी जिना हवा होता. एवढीएवढी पोरं त्यावरून चढणार, उतरणार, ढकलाढकली करणार.

मशीनची निवड म्हणजे घरात स्थळ बघण्यासारखं प्रकरण होऊन बसलं. हे काळं, ते बुटकं, त्याची कंपनी कुणी ऐकली नाही. रेघवाल्यांना एकाच डब्यात सगळं हवं होतं, रॉडचं वेल्डिंग, तारेचं वेल्डिंग आणि स्टीलच्या नाजूक कामासाठी टिग. मल्टिप्रोसेस म्हणतात ते. मोबाइलवर व्हिडिओ बघून ते जेवताना तिला शिकवायचे. घरची वीज सिंगल फेज, तेव्हा कारखान्यातलं धूड इथे चालायचं नाही. सलग किती वेळ चालतं ते आधी विचारायचं, नाहीतर तापून ऐन कामात बसकण मारतं. तारेच्या कामाला गॅस लागतो आणि उघड्यावर वारा तो गॅस उडवून नेतो, म्हणून बाहेर रॉडच बरा. "आणि टिगला काय, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात सळी, दोन्ही हात अगदी..." इथपर्यंत आले की ते थांबायचे आणि भाजी मागायचे.

ती मनात एकच म्हणत राहायची, मशीनच खराब निघू दे.

मशीनं विकणारा दुकानदार बोलका होता. दुकानाच्या मागे पत्र्याखाली चाचणीचं टेबल होतं, त्यावर तीन मशीनं मांडलेली. "उस्ताद, चालवून बघा. गोड बोलून मी कुणाच्या गळ्यात मारत नाही." टेबलाला तुकडे आवळून धरणारी पकड होती, पण रेघवाल्यांना जॉब तिच्याच हातात हवा होता. तिने मोजे चढवले. दुकानदाराने भिंतीवरचं हेल्मेट काढलं.

"वहिनी, हे घाला. ठिणगी पडली की काच आपोआप काळी होते."

"तिला कशाला?" रेघवाले घाईने म्हणाले. "ती डोळे मिटते."

"आता कोण डोळे मिटतं हो?" दुकानदार हसला आणि हेल्मेट तिच्या हातात दिलं. तिने ते घातलं.

"डोळे," रेघवाले म्हणाले.

तिने मिटले, सवयच ती. चरचर सुरू झाली, पाइपातून तीच थरथर आली आणि तिच्या लक्षात आलं, हे तर नवं कोरं मशीन. तिने डोळे उघडले.

काच काळी झाली होती. काळोखात एक हिरवट उजेड, उजेडात वितळलेल्या लोखंडाचा थेंब, आणि त्यावर नवऱ्याचा हात. तो हात लटलट कापत होता. कोपर त्यांनी बरगडीत रुतवलं होतं, उजवं मनगट डाव्या हाताने आवळून धरलं होतं, तरी रॉडचं टोक थेंबाच्या आजूबाजूला भरकटत होतं. इतक्या जवळ उभं राहून, इतके दिवस, हे तिने पाहिलं नव्हतं.

रॉड चिकटला. "यातही करंट पडतोय," रेघवाले म्हणाले.

दुकानदाराने दुसरं मशीन जोडून दिलं. मग तिसरं. दुसऱ्यावर चिकटला, तिसऱ्यावर ठिणगीच तुटत राहिली. शेवटी तारेची गन दिली, तिच्यातून तार आपली आपण पुढे येते. रेघ भरली, पण गटारीतल्या पाण्यासारखी वाकडीतिकडी गेली. दुकानदाराचं बोलणं एव्हाना आटलं होतं. तो हळूच म्हणाला, "तारेवरच घ्या उस्ताद. हाताला आराम पडेल."

"हाताला काय झालंय?"

तिने हेल्मेट काढलं. रेघवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तू डोळे मिटले नव्हतेस?"

"नाही."

ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. ती शेजारी बसली. समोर एक टेम्पो सळया उतरवत होता.

"मशीनला काही झालेलं नाही, अहो," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"आधी बोटं कापायची. मग हात. वाटलं, थकवा असेल." ते जमिनीकडे बघत होते. "हात गेला तर मी कोण गं? नाव तेवढं उरेल, चेष्टा करायला."

तिला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी रागही आला, इतका की तिचा आवाज चिरकला. "आणि तो कठडा? तो बसवताना माहीत होतं?"

ते नाही म्हणतील म्हणून तिने वाट पाहिली. टेम्पो निघून गेला तरी ते नाही म्हणाले नाहीत.

मग ते उठले, आत गेले आणि दुकानदाराला विचारलं, "सगळ्यात हलकी गन कुठल्या मशीनला आहे? बाईच्या हाताला झेपेल अशी." टिगचं त्यांनी नाव काढलं नाही.

डॉक्टर म्हणाले, बंद शेडमधला वर्षानुवर्षांचा वेल्डिंगचा धूर नसांना लागला असावा, गेलेलं परत येणार नाही. बालवाडीचा जिना दुसऱ्या कुणी केला. रेघवाले स्टुलावर बसून भंगारातल्या तुकड्यांवर तिला शिकवू लागले, आणि शिकवणं काही प्रेमाचं नव्हतं. प्रत्येक जोड ते तिला हातोड्याने मारून बघायला लावायचे, आणि जोड सुटायचे. सुटले की ते जास्तच घालूनपाडून बोलायचे. तीही उलट बोलायची. "निदान मी मारून तरी बघते," असं एकदा तिच्या तोंडून गेलं.

तिचं पहिलं खरं काम कुणी सांगितलेलं नव्हतं. रंगाऱ्याला खाटेवरून उठताना धरायला दांडा हवा, एवढं तिला कळलं होतं. तिने पाइप कापले आणि पकडीत घट्ट बसवले. रेघवाले धरायला पुढे आले होते, पण त्यांचा हात लागताच पाइप वाजायला लागला आणि ते मागे सरून स्टुलावर बसले. नव्या मशीनबरोबर आता दोन हेल्मेटं आली होती. त्यांचं खिळ्यावर टांगलेलं होतं, आणि ते घ्या असं ती म्हणाली नाही.

"डोळे," ती म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले आणि मान वळवली. तिने रेघ ओढली, अगदी हळू, श्वास धरून. चरचर थांबली.

"हं."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "सरळ आली?"

"नाही."

"हातोडा मार."

तिने हातोडा उचलला आणि सगळा जोर एकवटून जोडावर घातला. मग पुन्हा घातला. रंगारी आठवला तेव्हा आणखी एकदा घातला.

"धरलंय," ती म्हणाली.

रेघवाल्यांनी मान हलवली. ते तसेच डोळे मिटून स्टुलावर बसून राहिले, उजवा हात डाव्या हाताने मांडीवर दाबून धरलेला.