वैशाखातला नाताळ

घड्याळालाही माणसाचा धाक असू शकतो, हे मी आमच्या हेडमास्तरांच्या शाळेत नोकरीला लागलो तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ मागं पडलं की हेडमास्तर हात मागे बांधून त्याच्यासमोर उभे राहत आणि नुसते बघत. ते घड्याळ मग पुढचे आठ-पंधरा दिवस बिनचूक चाले, हे मी शपथेवर सांगतो. केज तालुक्यातल्या आमच्या गावात वेळेवर होणाऱ्या गोष्टी दोनच होत्या, हेडमास्तरांची शाळा आणि हेडमास्तरांची रविवारची उपासना. बाकी एसटीसकट सगळं आपापल्या सवडीनं चालायचं. अशा माणसानं येशू ख्रिस्ताचा जन्म वर्षानुवर्षं चार-चार महिने उशिरा साजरा केला, असं कुणी सांगितलं तर माझाही विश्वास बसला नसता. पण त्या नाताळात मी स्वतः नाताळबाबा व्हायचो, त्यामुळे मला विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

गावाच्या टोकाला ख्रिस्ती वस्ती आणि तिथं एक छोटं चर्च आहे. तिथं पाळक म्हणून कुणी आलं की उन्हाळ्यात येई आणि पुढच्या उन्हाळ्याआधी बदली करून घेई. त्यामुळे उपदेश, प्रार्थना, आजाऱ्याची भेट, भांडणाचा निवाडा आणि चर्चची झाडलोट एवढी सगळी खाती हेडमास्तरांकडे होती. सोमवार ते शनिवार शाळा आणि रविवारी चर्च, कोट एकच. शाळा कुठं संपते आणि चर्च कुठं सुरू होतं हे त्या कोटाला कधी कळलं नाही आणि कोटातल्या माणसालाही नाही. उपासनेच्या आधी ते मंडळीची हजेरी घेत. एकेका कुटुंबाचं नाव तोंडपाठ पुकारत आणि पांढऱ्या केसांची माणसं बाकावरून उठून "हजर, सर" म्हणत. प्रार्थना करायचे ती शिक्षण खात्याला अर्ज केल्यासारखी. डोळे मिटून, हात जोडून म्हणत, "हे परमेश्वरा, गेल्या रविवारच्या विनंतीस अनुसरून पुन्हा एकदा सविनय कळविण्यात येते की, मार्थाबाईच्या गुडघ्यास अद्याप उतार नाही. तरी योग्य ती कार्यवाही त्वरित व्हावी." आणि कार्यवाही व्हायचीही, कारण सोमवारी सकाळी हेडमास्तर स्वतः मार्थाबाईला सायकलवर मागे बसवून सरकारी दवाखान्यात नेत.

आम्हा शिक्षकांना ते विषयाच्या नावानं हाक मारत. मी विज्ञान. "अहो विज्ञान, इकडे या." आमच्या घरी आले तर माझ्या बायकोला म्हणत, "विज्ञानबाई, चहा साखर कमी घालून." ती बिचारी गणित घेऊन एम.ए. झालेली, पण त्यांच्यापुढे तिनं कधी तक्रार केली नाही.

त्यांचा सगळ्यात कडक नियम म्हणजे फाटकाचा. उशीर झाला की फाटकाबाहेर थांबायचं. शाळेत राष्ट्रगीत आणि प्रार्थना होईपर्यंत, चर्चमध्ये पहिलं गीत होईपर्यंत. त्याला अपवाद नाही. एकदा तपासणीला आलेले अधिकारी उशिरा पोचले, तर हेडमास्तरांनी त्यांना तीन पोरांच्या रांगेत चौथं उभं केलं आणि मग आत घेऊन हार घातला. अधिकारी भले होते, त्यांनी शेरा चांगला लिहिला. पण खरी कमाल झाली हेडमास्तरांच्या मुलीच्या लग्नात. नवरदेवाची गाडी युसूफ वडगावजवळ पंक्चर झाली. वऱ्हाड फाटकाशी आलं तेव्हा आत पहिलं गीत चालू होतं. हेडमास्तर सुटाबुटात बाहेर आले, जावयाच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला आणि म्हणाले, "दोन कडवी राहिलीत." जावई फुलांचा गुच्छ घेऊन उन्हात उभा राहिला. मुलगी आत रडत होती, ती सासरी जायचं म्हणून रडत नव्हती.

आता हा माणूस नाताळ कसा पुढे ढकलतो, ते सांगतो. आमच्या भागातली निम्मी वस्ती दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते. चर्चची मंडळीही त्यातलीच. ट्रॅक्टर, ट्रॉली, भांडीकुंडी, शेळ्या, पोरं, सगळं कारखान्याच्या दिशेनं निघून जायचं आणि चैत्रात परत यायचं. टोळी निघायच्या दिवशी हेडमास्तर ट्रॉलीवर चढून पोरं मोजून खाली उतरवत. टोळीचा मुकादम ओरडायचा, "सर, कामून अडवता ओ आमाला?" हेडमास्तर शांतपणे म्हणत, "तुला कुठं अडवलं? तू जा की. माझी शाळा चालू आहे." खाली उतरवलेली पोरं मग त्यांच्याच घरात राहत. त्यांच्या बायकोनं किती भाकरी थापल्या असतील याचा हिशेब त्या माउलीनंही ठेवला नाही.

अशाच एका डिसेंबरात त्या पोरांनी नाताळचं नाटक बसवलं. मार्थाबाईची मुलगी मरिया झाली. समोर बाकं रिकामी, कोपऱ्यात ऊस तोडायची ताकद न उरलेली पाच-सहा म्हातारी माणसं. चैत्रात टोळ्या परत आल्या. मार्थाबाई डोक्यावरचं बोचकंही न उतरवता शाळेत आली आणि म्हणाली, "सर, माजी रेबेका मरिया झालती म्हनं. समद्या गावानं बगितली. म्या कवा बगायची?"

हेडमास्तरांनी तिचं बोचकं उतरवून घेतलं. मग त्यांनी मला हाक मारली. "अहो विज्ञान, ते नाटक परत बसवा." नाटक म्हटल्यावर तारा हवा, तारा म्हटल्यावर गीतं हवीत, गीतं म्हटल्यावर करंज्या हव्यात. असं करता करता बेचाळीस अंश तापमानात अख्खा नाताळ उभा राहिला, आणि पुढे दर वर्षी उभा राहू लागला. माझी नेमणूक त्यांनी एका वाक्यात केली. "पोट तुमचं तयारच आहे, फक्त दाढी लावायची." दाढी गावच्या कापसाची, सरकीसकट. घामानं ती गालाला अशी चिकटायची की रात्री खोबरेल लावून सोडवावी लागे. आमचा हिंदू, मुसलमान सगळा गाव जेवायला यायचा. एकदा ईस्टर झाल्यावर लगेच पुढच्या रविवारी नाताळ आला. मी भीत भीत म्हटलं, "सर, गेल्या आठवड्यात प्रभू मरून उठले, या आठवड्यात जन्मले, हे जरा उलटं नाही का होत?" हेडमास्तर म्हणाले, "विज्ञान, ट्रॅक्टर ईस्टरनंतर आला, त्याला प्रभू काय करणार?"

पुढे हेडमास्तर निवृत्त झाले, बायको गेली, गुडघे गेले. चर्चला शहरातून एक तरुण पाळक आले. हेडमास्तर त्यांना "नवीन ॲडमिशन" म्हणत. मुलगा चांगला होता, कीबोर्ड वाजवायचा, पण शिकून आलेला. त्यानं नम्रपणे सांगितलं, "सर, नाताळ जगभर पंचवीस डिसेंबरला असतो. या वर्षीपासून आपणही एकच नाताळ करू." आम्हाला वाटलं, आता हेडमास्तर त्यालाही फाटकाबाहेर उभं करणार. पण हेडमास्तर म्हणाले, "चर्च तुमचं आहे. नियम तुमचा." आयुष्यभर दुसऱ्यांना नियम लावलेला माणूस, स्वतःवर आल्यावर कसा कुरकुर करणार? पंचवीस डिसेंबरला ते कोट घालून पहिल्या बाकावर बसले. रोषणाई झाली, कीबोर्ड वाजला. मागे वळून त्यांनी एकदा रिकाम्या बाकांकडे पाहिलं आणि पुन्हा वळले नाहीत. मला त्या दिवशी नवीन पाळकाचा फार राग आला होता, तो मी घरी येऊन बायकोवर काढला.

चैत्र सरता सरता ट्रॅक्टर आले. मी आणि पाळकसाहेब हेडमास्तरांच्या ओसरीवर चहा घेत होतो. मार्थाबाई आली. आता तीही म्हातारी झालेली, नातवंडांना घेऊन टोळीबरोबर जाते, स्वयंपाकाला.

"सर, नाताळ कवा हाय?"

"झाला, मार्थाबाई," हेडमास्तर म्हणाले. "पंचवीस डिसेंबरला झाला."

"कुनाचा झाला?"

हेडमास्तरांनी कपाकडे पाहिलं. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी कुणाकडेच पाहिलं नाही. त्यांचा चहा तसाच राहिला. पण पुढच्याच रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी उभं राहून जाहीर केलं की, वैशाखातल्या पहिल्या रविवारी नाताळ आहे, सगळ्यांनी वेळेवर यावं. 'वेळेवर' म्हणताना ते पहिल्या बाकाकडे बघून हसले, आणि माझा राग तिथंच गेला.

तो रविवार उजाडला. चर्च गच्च भरलं, खिडक्यांत पोरं बसली. मी दाढी लावून फाटकाशी उभा होतो. पाळकसाहेबांनी घड्याळ बघून ठोक्याला पहिलं गीत सुरू केलं. आणि हेडमास्तर आले नव्हते.

गीताचं पहिलं कडवं संपत आलं तेव्हा रस्त्याच्या वळणावर ते दिसले. माहेरी आलेली मुलगी रिक्षा आणते म्हणत होती, पण त्यांना चालतच यायचं होतं. गुडघ्यांनी वाटेत दगा दिला. फाटकाशी आले, घामाघूम झालेले, आणि थांबले. मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"उशीर झाला, विज्ञान. गीत संपलं की येतो."

"सर, तुम्ही आत चला हो!"

"नियम आहे," ते म्हणाले, आणि काठीवर भार देऊन कडुलिंबाच्या सावलीत उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच उशीर झालेला. चेहरा असा पडलेला, जणू कुणी त्यांनाच छडी मारली होती.

 दाढीसकट मी आत पळालो आणि पाळकसाहेबांच्या कानात सांगितलं. त्यांनी कीबोर्डवरचा हात काढला, बाहेर आले, विनवणी केली. हेडमास्तर जागचे हलेनात. आत गाणं थांबलेलं. तेवढ्यात मार्थाबाई उठली. नातवाला कडेवर घेऊन ती सरळ बाहेर आली. तिच्या मागे तिची टोळी आली, मग दुसरी टोळी, मग मेंढपाळ झालेली पोरं, पंख लावलेले देवदूत, कुणीतरी गव्हाण उचलून आणली. बघता बघता अख्खा नाताळ फाटकाबाहेर येऊन उन्हात उभा राहिला.

हेडमास्तर म्हणाले, "हे काय? आत जा. उपासना चालू आहे."

मार्थाबाई म्हणाली, "सर, तुमी आमच्यासाठी चार-चार महिने नाताळ थांबवून धरलाव. आमी तुमच्यासाठी एक गानं थांबू न्हाई का?"

 मला रडू आवरेना, आणि माझी दाढी ओली झाली ती घामानंच, असं पोरांना वाटलं ते बरं झालं. हेडमास्तर काठीनं सावली दाखवत म्हणाले, "उन्हात का उभे आहात सगळे? सावलीत या. हजेरी घ्यायचीय." आणि त्या झाडाखाली त्यांनी एकेक घर पुकारलं. एकही नाव चुकलं नाही, आणि प्रत्येक नावाला कुणीतरी "हजर, सर" म्हणालं.

त्याच वर्षी श्रावणात हेडमास्तर गेले.

नाताळ अजूनही वैशाखात होतो. पाळकसाहेबांनी बदली मागितलेली नाही, आणि हजेरी आता ते घेतात, थोडी अडखळत. यंदा दाढी लावताना मला उशीर झाला. फाटकाशी पोचलो तर आत पहिलं गीत चालू झालेलं. फाटक उघडं होतं, अडवायला कुणी नव्हतं. खिडकीतली पोरं "नाताळबाबा, या ना" म्हणून हात करत होती. मी गीत संपेपर्यंत त्याच कडुलिंबाखाली थांबलो आणि मगच आत गेलो.