तांबडी चूळ

गोवा घटक राज्य झालं त्या सुमाराची गोष्ट. कोंकणी की मराठी या वादात आमच्या पाळी गावातली माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागली होती. मला त्यासाठी वाद लागत नव्हता. दूधवाल्याचं दूधसुद्धा मी बोट बुडवून बघायची.

आमचे यजमान खाणीवर ट्रक चालवायचे. सकाळी चूळ भरली की मोरीत तांबडं पाणी. त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण गावात सगळ्यांचीच चूळ तांबडी. खनिजाची धूळ भातात यायची, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची, मग तोंडात का नाही?

पावसाळ्यात खाण थांबली. रस्ते धुऊन निघाले, कपडे पांढरे वाळू लागले. यांची चूळ मात्र तांबडीच. माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात यांनी कडक उंडो पाव चहात बुडवून खायला सुरुवात केली, आणि जवळ बसलं की तोंडाला वास. आधी मला क्षयाचा संशय आला, मग दारूचा.

"घशात बसलेली धूळ गो ती. सावकाश भायर पडता."

"मग ब्रश का सोडलात? रोज कोरडाच दिसतो."

"रगत येता म्हणून," हे बोलून गेले आणि सापडले.

मी त्यांना डिचोलीला दातांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. डॉक्टरने आरशात दाखवलं: दातांच्या मुळाशी दगडासारखा घट्ट मळ, हिरड्या सुजून मागे सरलेल्या. दात किडलेले नव्हते, त्यांना धरणारी हिरडी आणि आतलं हाड झिजत होतं. रक्त त्या मळामुळे येत होतं. माझं लक्ष फळीवरच्या कवळ्यांकडे. हा मेला डॉक्टर दात पाडून कवळी गळ्यात मारणार, अशी माझी खात्रीच होती.

मळ काढला आणि दात हलायला लागले. "तुझ्या दोतोरान बरे दांत ढिले केल्यान!" हे ओरडले. मी तणतणत त्यांना परत घेऊन गेले.

डॉक्टर चिडला नाही. "हलत आधीपासूनच होते, मळाने आवळून धरले होते. खालचा एक जाईल. बाकीचे वाचू शकतात. मऊ ब्रश हिरडीच्या कडेने सकाळ-रात्र हळू फिरवा, रक्त आलं तरी थांबू नका. तंबाखू खात असाल तर बंद. आणि साफ करायला येत राहा."

कवळी विकायची असती तर त्याने दात वाचवायला कशाला सांगितलं असतं? एवढ्यावर मी यांना घरी घेऊन आले. विश्वास मात्र बसला नव्हता.

थोड्याच दिवसांत तो खालचा दात उंडोबरोबर बाहेर आला. भरलेला ट्रक घाटात उतरवणारा माणूस, पण तळहातावरच्या त्या दाताकडे बघताना चहातला उंडो विसरला.

"बाकीचे रवतले मां गो?"

राहतील की नाही, मला काय ठाऊक? "रवतले," मी म्हटलं.

कुणाचा शब्द पारखल्याशिवाय कधी घेतला नाही मी. यांनी माझा न पारखताच घेतला, दात खिडकीत ठेवला आणि ब्रश शोधायला आत गेले.