रफूवालीने पाडलेलं भोक

गल्लीत तिला सगळे रफूवालीच म्हणत. कोटाला ठिणगी लागून भोक पडलं, शालीवर कसरीने ताव मारला, की लोक तिच्याकडे येत. ती कापड हातात घेई आणि आधी एक शब्दही न बोलता दिव्यासमोर धरी. गिऱ्हाईक एक भोक घेऊन आलेलं असे, ती त्याला आणखी चार दाखवी. "हे बघा, इथेही गेलंय. आणि इथे जायच्या बेतात आहे." गिऱ्हाइकाचं तोंड उतरायचं, तिचं खुलायचं. खरं सांगायचं तर भोक बुजवण्यापेक्षा ते हुडकण्यातच तिचा जीव जास्त रमायचा.

घरात माणसं दोनच. ती आणि तिचे सासरे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यानंतर ही सून आणि हा सासरा एकाच छपराखाली कसे काय टिकले, याचं गल्लीला मोठं कुतूहल होतं. टिकले होते एवढं खरं. दोघंही कमी बोलत आणि एकमेकांच्या चहाला नावं ठेवत. सासऱ्यांनी उभा जन्म एका कारखान्याच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकण्यात घालवला होता, म्हणून ते बॉयलरकाका. इतकी वर्षं आगीसमोर उभ्या राहिलेल्या या माणसाला म्हातारपणी थंडीने असं धरलं होतं, की जणू ती इतके दिवस दारात टपूनच बसली होती.

गेल्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली आणि जीव कसाबसा वाचला. डॉक्टर म्हणाले, औषधं देतो, पण खोली ऊबदार ठेवा. खोलीला औषध कुठलं मिळणार? विजेचा हीटर घरात होता. पण तो लावला, की मीटर असा पळायचा की दोघं त्याच्याकडेच बघत बसायची, आणि ऊब येण्याआधी घाम यायचा. म्हणून कोळशाची शेगडी. तीसुद्धा म्हाताऱ्याच्या खोलीत तेवढी.

यंदा हवेत पहिला गारवा आला आणि दुसऱ्याच दिवशी नणंदेचा फोन आला. ती लांबच्या शहरात राहायची. तिच्या इमारतीत भिंतींमधून गरम पाण्याच्या नळ्या फिरत आणि लोक ऐन थंडीत घरात अर्ध्या बाह्यांनी वावरत.

"वहिनी, मी रविवारी येतेय. खोली गेल्या वर्षीसारखीच गारठलेली असेल, तर बाबांना घेऊनच जाईन. राग मानू नकोस."

"राग कसला, ताई," रफूवाली म्हणाली.

फोन ठेवून ती कामाला बसली आणि तिचा टाका चुकला. उसवून परत घातला, परत चुकला. म्हातारा गेला तर आपल्या चहाला नावं कोण ठेवणार, एवढा एकच विचार डोक्यात घोळत होता, आणि तो विचार इतका वेडगळ होता की तिला स्वतःचाच राग आला. मग ती उठली, सासऱ्यांच्या खोलीत गेली आणि भर दुपारी सगळे पडदे ओढून, दार लावून, अंधारात मधोमध उभी राहिली.

"काय गं, काय चाललंय?" पलंगावरून आवाज आला.

"गप्प बसा जरा, बाबा. भोकं बघतेय."

बाहेर लख्ख ऊन होतं. दिव्यासमोर धरलेल्या जुन्या कोटासारखी ती खोली हळूहळू आपलं सगळं लपवलेलं दाखवू लागली. खिडकीच्या चौकटीला वरून एक बारीक उजेडाची रेघ. कडीच्या बाजूला एक ठिपका. दाराखाली तर चांगला पट्टाच. छताजवळ एक फट अशी वाकडी, की तिचं तिला कौतुकच वाटलं. "अगं बाई, तू होय!" ती फटीला म्हणाली. शिंप्याचा खडू घेऊन तिने एकेका भोकाला खूण केली. म्हातारा अंधारात खुदुखुदु हसत होता.

"माझी खोली आहे का कुणाचा कोट?"

"कोटाची अवस्था बरी असते, बाबा."

पुढचे दिवस तिने गिऱ्हाइकांना थोपवलं आणि खोलीला रफू केलं. लोकरीच्या कातरणी खळीत बुडवून फटींत सुईच्या मागच्या टोकाने ठासल्या. कोणी एक कोट टाकून गेला होता आणि परत फिरकलाच नव्हता. त्याच्या दोन्ही बाह्या कापून, चिंध्या भरून, त्यांचा लांबलचक बोळा करून तिने दाराखाली आडवा घातला. शेवटचं भोक पलंगाच्या उशाकडे, जमिनीलगत होतं. पूर्वी तिथून कसलीशी नळी जायची. मूठ आत जाईल एवढं मोठं. त्यासाठी तिने लोकरीची गच्च गुंडाळी केली, वरून कापड शिवलं आणि दोऱ्याने शेजारच्या खिळ्याला बांधून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत अंधार करून बघितलं. एक ठिपकासुद्धा नाही. तिला इतका आनंद झाला, की तिने टाळीच वाजवली.

आता तीही आपलं काम घेऊन दुपारी त्याच खोलीत बसू लागली. बाहेरच्या खोलीत बोटं आखडत, इथे शेगडीजवळ सुई सरसर चाले. फक्त डोकं दुखायचं. चष्म्याचा नंबर वाढला असणार, असं तिने ठरवून टाकलं. शिवाय म्हाताऱ्याचे कान वाजू लागले होते. जरा कुठे हात बसला, की ते म्हणत, "दार वाजलं बघ." ती उठून खोलीचं आणि बाहेरचं अशी दोन्ही दारं उघडून बघे, बाहेर कुत्रंही नसे. ती येऊन बसते न बसते तोच परत, "अगं, वाजलं. नीट बघ, गल्लीच्या टोकापर्यंत बघ." गेल्या वर्षी छाती, यंदा कान, असं मनात म्हणत ती उठायची.

आणि मग ते भोक. सकाळी केर काढायला वाकली, तर उशाकडची गुंडाळी बाहेर पडलेली, आणि भोकातून गार वारा सुळकन आत येत होता. उंदीर, ती म्हणाली आणि गुंडाळी परत ठासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता मात्र तिचं कुतूहल जागं झालं. तिने गुंडाळी दिव्याखाली नेऊन उलटीपालटी करून बघितली. दाताचा एक ओरखडा नाही, लोकर कुठे ओढलेली नाही. मग तिने खिळ्याच्या दोऱ्याला आपली खास गाठ मारली, जी तिच्याशिवाय कुणाला सुटत नसे. सकाळी गाठ सुटलेली नव्हती. दोरा खिळ्यावरून अलगद उतरवून त्याची नीट वेटोळी केली होती आणि ती गुंडाळीच्या डोक्यावर ठेवली होती. उंदीर दोऱ्याची वेटोळी करत नाही. ती कोण करतं, हे तिला लग्न होऊन आल्यापासून ठाऊक होतं. सासरे चपलेच्या जुन्या नाड्यासुद्धा तशाच गुंडाळून ठेवत.

छडा लागला, पण या वेळी तिला आनंद झाला नाही. म्हातारा स्वतःच खोली गार करतोय. म्हणजे रविवारी मुलगी आली, की खोली गारठलेली सापडावी. म्हणजे त्यांना जायचंय, आणि तोंडाने सांगवत नाही. ती केरसुणी हातात घेऊन तशीच उभी राहिली. गरम नळ्यांचं घर, पोटची मुलगी, नातवंडं. जाऊ नये तरी का त्यांनी? आपण कोण लागून गेलो?

पण बाईचा स्वभावच असा, की एखादी गोष्ट अर्धी कळून तिला राहवत नसे. ती पलंगाच्या कडेला बसली आणि गुंडाळी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, तुम्हाला ताईंकडे जायचं असलं तर सरळ सांगा. मी तुमची पिशवी भरून देते. पण माझं काम असं उसवू नका."

म्हातारा दचकला. "जायचंय? मला? त्या घरात मी काय करू? तिथे आग कुठे आहे हेसुद्धा दिसत नाही!"

"मग हे काय?"

त्यांनी गुंडाळीवरून हात फिरवला. "झकास केलीयस," ते म्हणाले. मग म्हणाले, "अगं, आगीला वारा लागतो. आमच्या बॉयलरघरात भिंतीला अशी भोकं ठेवलेलीच असायची. एकदा अशीच कडाक्याची थंडी. दोन जणांनी पोती कोंबून ती बुजवली, दार ओढून घेतलं, शेगडी पेटवली आणि बसले गप्पा मारत. सकाळी गेलो, तर तसेच बसलेले. चेहरे लाल, टवटवीत. वाटावं की आत्ता उठतील." त्यांनी गुंडाळी बाजूला ठेवली. "तू खोलीला एक टाका मोकळा ठेवला नाहीस, पोरी. तुझं डोकं चष्म्यामुळे दुखत नाहीये, कोंडलेल्या कोळशाच्या वायूने दुखतंय."

रफूवालीचा हात आपसूक कपाळाकडे गेला. दार वाजण्याचं कोडं त्याच क्षणी सुटलं. कान बिन काही वाजत नव्हते. म्हातारा तिला मोकळ्या हवेत पाठवत होता आणि तेवढ्यात खोलीतही वारा घेत होता.

"आणि हे सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" ती ओरडलीच.

"सांगितलं असतं, तर तू शेगडी उचलून बाहेर ठेवली असतीस."

"ठेवली असतीच! अजून काय करणार?"

"मग खोली गार. मग रविवारी मी गाडीत." म्हाताऱ्याने मान खाली घातली. "वाटलं, रात्री भोक उघडं ठेवू, दिवसा तुला दारात पिटाळू, निभेल. चुकलं माझं. तुझ्या जिवाशी खेळलो मी."

तिने सांडशीने शेगडी उचलली, गॅलरीत नेऊन आदळली, आणि तिथेच कठड्याला धरून रडली. भीतीने रडली, रागाने रडली, आणि म्हाताऱ्याला जायचं नाहीये याच्या आनंदानेही रडली, हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं. मग नाक पुसून आत आली. रविवार परवावर आला होता आणि खोली गार पडायला लागली होती.

"तुमच्या त्या कारखान्यात," तिने विचारलं, "आगीपासून लांब बसणारे लोक काय करायचे?"

"विटा," म्हातारा म्हणाला. "बॉयलरवर तापत ठेवायच्या, पोत्यात गुंडाळून पायाशी घ्यायच्या. घरीसुद्धा न्यायचो, कोटाखाली लपवून. आणि वाफेच्या नळ्यांना आम्ही वरून जाड कापड गुंडाळायचो. खोलीला कोण गुंडाळत बसतंय? वाफ नळीत असते."

रफूवालीने नजरेनेच पलंगाची लांबीरुंदी मोजली. मग तिने माळ्यावरची पेटी काढली. लोकांनी टाकलेले आणि परत न नेलेले सगळे कोट तिच्यात होते. अस्तरं, पाठी, पदर सुटे करून तिने एकाला एक जोडले आणि पलंगाभोवती चारी बाजूंनी, वरून छतासकट, एक जाडजूड पडदा उभा केला. त्याला अजून चार कॉलर होत्या आणि एक खिसा होता. खिशात बाबांनी चष्मा ठेवला. विटा गॅलरीत, उघड्यावर ठेवलेल्या शेगडीवर तापू लागल्या आणि लोकरीच्या पिशव्यांत बसून आत येऊ लागल्या.

रविवारी नणंद आली ती थेट खोलीत. तिने हवेत तोंडाने वाफ काढून बघितली. वाफ दिसली.

"वहिनी, ही खोली ऊबदार आहे?"

"खोली नाही, ताई. आत बघा."

नणंदेने कोटांचा पडदा बाजूला केला. बाप उशाला टेकून बसला होता, गाल कोमट, पाय विटेवर. "ये ना आत," तो म्हणाला. ती वाकून आत गेली, बूट काढून पाय विटेवर ठेवले आणि "आई गं" म्हणाली. प्रवासाने दमलेली होती बिचारी. बोलता बोलता तिथेच तिचा डोळा लागला. म्हातारा तिला जागा करून बाहेर खुर्चीत येऊन बसला, तर सुनेने त्याला गुरकावून परत आत घातलं.

चहाच्या वेळी नणंद बाहेर आली, पण पुरती विरघळलेली नव्हती. "हे सगळं ठीक आहे गं. पण रोज विटा तापवायच्या, बदलायच्या. तू का म्हणून करावंस? तुझ्यावर कुणाची सक्ती आहे का?" आणि पडद्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी तिचा विचार करा."

पडद्याच्या आत वीट सरकल्याचा आवाज आला. मग म्हातारा हळू म्हणाला, "खरं आहे. मी तिला कधी विचारलंच नाही."

रफूवालीने कप खाली ठेवला. बोलायला तिला कधीच नीट जमलं नव्हतं. तिने कात्री उचलली, पडद्यापाशी गेली, उशाच्या उंचीवर बोटाने जागा पाहिली आणि कचकन कापड कापलं.

"अगं, अगं!" नणंद उठली. "एवढं बुजवलंस आणि आता भोक पाडतेस?"

"काज आहे," रफूवाली म्हणाली. सुई ओवून ती भोकाच्या कडेने एकाला एक लागून टाके घालू लागली, कायम टिकायचे असतात तसे. "हवा राहील. आणि दार उघडं ठेवलं, की इथून माझी बसायची जागा दिसते. मी सरळ समोर बसते. मलाही दिसायला हवं, आत कोणी आहे म्हणून."

नणंद जवळ आली. तिने वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि संध्याकाळच्या गाडीने एकटीच परत गेली.

बाहेरच्या खोलीत दिवा लागला. रफूवाली कुणाची तरी शाल दिव्यासमोर धरून भोकं हुडकत बसली. काजातून एक डोळा तिच्याकडे लागला होता.

"चहा आज बरा होता," आतून आवाज आला.

"तो ताईंनी केला होता," ती म्हणाली.

"तरीच," बॉयलरकाका म्हणाले. "उद्या तूच कर."