जालन्यातली तीन महिन्यांची वकिली

माझ्या नातवंडांनो,

थोरलीने परवा फोनवर सांगितले की तिची एक नोकरी सुटली, दुसरी दोन महिन्यांनी सुरू होईल, आणि मधल्या काळात एका वकिलाकडे तात्पुरते काम करते हे सांगायची तिला लाज वाटते. म्हणून आजच लिहायला बसले. असे काम मीही केले आहे, आणि लाज वाटावी असे त्यात पुष्कळ केले आहे.

निजामाचे राज्य जाऊन आठ-नऊ वर्षे झाली होती. औरंगाबादची नोकरी सुटलेली, मुंबईची जूनमध्ये मिळायची. मधले तीन महिने जालन्याच्या एका वृद्ध वकीलसाहेबांकडे काढले. त्यांचे मुन्शीजी जुने उर्दू कागद वाचून सांगत आणि मी त्यांचे इंग्रजी करी. मला उर्दूचे एक अक्षर येत नव्हते, पण इंग्रजी येते म्हणजे बाकी सगळे येते अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात मी साहेबांचे कपाट नीट लावून दिले. पुढे महिनाभर त्यांना त्यातले काही सापडले नाही.

एकदा साहेब शहागडला गेले असताना घनसावंगीकडची एक विधवा आली. नवरा वारल्यावर दिराने तिला वावरातून हाकलले होते. अशा दाव्याला बारा वर्षांची मुदत असे. पटवाऱ्याच्या कागदावरून मुन्शीजींनी हाकलल्याचे साल वाचले, तेराशे छप्पन. मी जुन्या सालांचे इसवी सन देणारे माझे छापील कोष्टक उघडले, बोट फिरवले आणि निकाल दिला, "वीस वर्षं झाली. दावा चालणार नाही."

ती जागची हलली नाही.

"वकीलबाई, मला हाकललं तवा पोरगी पोटात व्हती. ती घरी शेळ्या राखून राह्यली. वीस वर्सं झाली असती तर मी आत्ता नातू खेळवला असता."

मुन्शीजी पान थुंकायला बाहेर गेले आणि जरा उशिरानेच परतले.

"बाईसाहेब, तुमचं कोष्टक हिजरी सालाचं हाये. पटवारी फसली, म्हणजे शेतसाऱ्याचं, साल लिहितो. दोन्हींत नऊ वर्षांचा फरक."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या जल्दी बोलल्या, मला वाटलं इंग्रजी कायद्यात तसंच असंल."

म्हणजे दहा-अकराच वर्षे झाली होती. माझे ऐकून ती घरी गेली असती, तर वर्ष-दीड वर्षात मुदत खरोखरच संपली असती. मी त्याच दिवशी दाव्याचा मसुदा केला. अंगठा उठवण्याआधी तिने विचारले, "आता साल बराबर हाये का?" विचारले ते मुन्शीजींना. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

दावा मुदतीत दाखल झाला. निकाल लागला तेव्हा मी मुंबईत होते; मुन्शीजींच्या कार्डावरून कळले की दिराला ताबा सोडावा लागला. ते वावर अजून तिच्या लेकीच्या घरात आहे.