काकूंना चालेल असा केक

आम्ही भिवंडीत टेमघरला राहायला आलो तेव्हा मी पाचवीत होते. चाळीत दोन खोल्या, मागे मोरी आणि पुढे सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक लांब ओटा. ओट्यापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये कापड विणायचे लूम चालायचे. सुरुवातीला त्या खडखडाटात आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. मग इतकी सवय झाली की लूम बंद पडले की काहीतरी बिघडलंय असं वाटायचं.

आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, बाबा पोस्टात. दोघंही ड्युटीवर, म्हणून शाळा सुटल्यावर मी शेजारच्या काकूंकडे असायचे. काकू जवळच्याच शेलार गावाच्या पुढच्या एका गावातल्या. गावी भातशेती होती, ती दीर बघायचे; काकूंचे यजमान भिवंडीत लूमवर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. त्यांची एकुलती एक मुलगी माझ्याच वर्गात होती. काकू आम्हा दोघींच्या वेण्या एकापाठोपाठ एक घालायच्या आणि दोघींना एकाच ताटात तांदळाची भाकरी वाढायच्या. आमच्या घरचं मात्र त्या काही घेत नसत. आईनं खिरीची वाटी पाठवली की ती तशीच परत यायची.

"न्हाय वो शिस्टरबाई, तुमच्यात अंडं-मटण शिजतं. आमच्या ह्यांच्या गळ्यात माळ हाय."

हे त्या हसून सांगायच्या, आवाजात जराही कडवटपणा नसायचा. आई "बरं" म्हणून वाटी घ्यायची.

एकदा बाबा म्हणाले, "माळ नवऱ्याच्या गळ्यात आणि पथ्य आपल्या वाटीला?"

आम्ही बौद्ध. संध्याकाळी घरात वंदना व्हायची आणि चाळीची भिंत पातळ होती. बाबांना काय म्हणायचंय ते आईला कळलं होतं. ती भाजी चिरत होती, तशीच चिरत राहिली. म्हणाली, "आपली पोर तिच्या हातचं जेवते, तिच्या घरात झोपते. सध्या एवढं पुरे आहे."

आईच्या वॉर्डात केरळच्या एक सिस्टर होत्या. त्यांच्याकडून आई केक शिकली. आमच्याकडे ओव्हन नव्हता. जुन्या कुकरची रिंग आणि शिटी काढायची, तळाला चाळून घेतलेली वाळू पसरायची, ती तापली की तिच्यावर केकचं भांडं ठेवायचं आणि झाकण लावून आच मंद करायची. अंडी फेटण्याचं काम बाबांचं. माझ्या वाढदिवसाला आईनं असा केक केला आणि चाळीतल्या सगळ्या मुलांना बोलावलं.

काकूंची मुलगी नवा फ्रॉक घालून आली. सगळी मुलं केक खात होती आणि ती दाराशी उभी होती, हात पाठीमागे बांधून.

"मला नको," ती म्हणाली. "आई म्हणाली, केकमध्ये अंडं असतं."

"मग चिवडा घे," आई म्हणाली. "चिवड्यात अंडं नाही."

तिनं चिवड्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि मान हलवली. मग म्हणाली, "वास छान येतोय," आणि घरी गेली. थोड्याच वेळात भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकू आलं, मग काकूंचा दबलेला आवाज, मग पुन्हा रडणं.

मुलं गेल्यावर आई कागदी ताटल्या गोळा करत म्हणाली, "बिनअंड्याचा केक होत असेल का?"

बाबा म्हणाले, "झाला तरी ती खाणार नाही. चिवडा तरी कुठे खाल्ला?"

"झाला तर बघू," आई म्हणाली.

पहिल्या वेळी तिनं फक्त अंडी वगळली, बाकी सगळं नेहमीसारखं. कुकर उघडला तर आत जाड भाकरीसारखं काहीतरी पडलेलं होतं. बाबांनी ते चहात बुडवून खाल्लं आणि "टिकाऊ आहे" म्हणाले. दुसऱ्या वेळी आईनं खाण्याचा सोडा वाढवला. केक टरारून फुगला, पण तोंडात घातल्यावर कपड्याचा साबण चाटल्यासारखं वाटलं. तिनं सोडा कमी केला, दही घातलं. मग तो वर छान आणि मध्ये पिठासारखा ओला निघाला. रविवारी सुट्टी असली की आई हेच करत बसायची. लूमच्या कापसाची रुई उडून पिठात पडायची, म्हणून दार-खिडकी लावून, घामाघूम होत. हट्टानं करतेय असं तिच्याकडे बघून वाटायचं नाही. दवाखान्यात एखाद्याचा ताप उतरत नसला की जशी दर थोड्या वेळानं जाऊन बघायची, तसं ती कुकरकडे बघायची.

शेवटी केरळच्या सिस्टरांनीच उपाय सांगितला. आटवलेल्या गोड दुधाचा डबा आण, त्यात लोणी फेस आणि अंड्याचं नाव विसर. आईनं तसं केलं. केक नीट फुगला, मऊ झाला आणि सुरीला न चिकटता कापला गेला. बाबांनी दोन तुकडे खाल्ले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे तो जमला होता.

आता प्रश्न भांड्याचा होता. आमच्या केकच्या भांड्यात अंडं पडलेलं होतं, हे काकूंना ठाऊक होतं. आई मला घेऊन बाजारात गेली, नवं भांडं घेतलं, आणि दुकानाबाहेर भांड्यांवर मशीननं नाव घालणारा बसायचा त्याच्यापुढे ठेवलं.

"नाम क्या डालूँ, बहनजी?"

"बिनअंड्याचं," आई म्हणाली.

"ये किसका नाम है?"

"बर्तन का," आई म्हणाली.

त्यानं खांदे उडवले आणि कोरलं. आई मराठीत अक्षरं सांगत होती आणि तो मान डोलावत होता. 'ड्या' जरा वाकडा आला.

पुढच्या रविवारी आईनं काकूंना हाक मारली. "काकू, केक करतेय. अंडं नाही. भांडं नवं आहे. येऊन बघता का?"

काकू आल्या आणि उंबऱ्याशी बसल्या. त्यांची मुलगी मात्र थेट आत कुकरपाशी आली, माझ्याशेजारी. आईनं भांडं उचलून काकूंना दाखवलं. काकूंना वाचता यायचं नाही. मुलीनं मोठ्यानं वाचलं आणि आम्ही दोघी खिदळलो. काकूही तोंडाला पदर लावून हसल्या. मैदा चाळला गेला, लोणी फेसलं, दूध पडलं, सगळं काकूंच्या डोळ्यांदेखत. आई मुकाट्यानं करत होती, काही समजावून सांगत नव्हती. कुकरमधून वास यायला लागला तेव्हा काकू उंबरा ओलांडून आत आल्या आणि कुकरजवळ वाकून म्हणाल्या, "बासुंदीवानी वास येतोय वो."

केक निघाला. आईनं काकूंच्या मुलीला तुकडा दिला. तिनं आपल्या आईकडे बघितलं.

"खा," काकू म्हणाल्या.

ती खायला लागली आणि शेवटी ताटलीतला चुरासुद्धा बोटानं वेचला. आईनं दुसरी ताटली काकूंपुढे धरली.

"मला न्हाय चालायचं. आज माझा उपास हाय."

"मग उद्या," आई म्हणाली. "झाकून ठेवते."

दुसऱ्या दिवशी आईची दुपारची शिफ्ट होती, सकाळी ती घरीच होती. मीही घरी होते. ताप होता म्हणून शाळेत गेले नव्हते आणि आतल्या खोलीत पडून होते. काकू आल्या. मग त्यांचं बोलणं ऐकू आलं, नेहमीपेक्षा हळू.

"शिस्टरबाई, काल माझा उपास न्हवता."

"माहीत आहे."

"अंड्याचं पन न्हवतं वो."

"तेही माहीत आहे."

"मंग येवडा खटाटोप कशाला केला?"

"तुमच्या मुलीला केक खायचा होता," आई म्हणाली. "आणि तुम्ही अंड्याचं कारण सांगत होतात. म्हटलं, अंडं काढून टाकू या. मग जे उरेल ते उरेल."

काकू म्हणाल्या, "सासूनं घातलेलं वळण हाय. कुनाचं काय घ्यायचं, कुनाचं न्हाय, लग्नाच्या पयल्या वर्सापासून तेच. मी कदी इचारलंच न्हाय, का म्हनून." मग त्या म्हणाल्या, "तुमची पोर माज्या मांडीवर झोपती. तिच्या हातची वाटी मी परत धाडते. मलाच कसंतरी व्हायचं."

"मग सांगायचं होतं," आई म्हणाली.

"काय सांगू? तोंड कुटं होतं?"

झाकण उचलल्याचा आवाज आला. मी अंथरुणातून सरकून दाराच्या फटीतून पाहिलं. दोघी जमिनीवर समोरासमोर बसल्या होत्या. काकू केक खात होत्या, घाईघाईनं, मान खाली घालून. आईनं तांब्या-भांडं पुढे सरकवलं. काकूंनी पाणी ओतून घेतलं आणि प्यायल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ग्वाड जरा जास्तच झालंय."

"डब्यातलं दूध गोडच असतं," आई म्हणाली.

"डबा कशापायी? गावावरनं म्हशीचं दूध आनते. आटवू आपन."

तिथून पुढे केक आईचा राहिला नाही, दोघींचा झाला. काकू गावाहून दूध आणायच्या, साखर घालून आटवायच्या, ढवळता ढवळता आईला गावच्या गोष्टी सांगायच्या. तो केक डब्यातल्या दुधाच्या केकपेक्षा जरा ओलसर आणि बसका व्हायचा, पण आम्हाला तोच आवडायचा. दिवाळीआधी दोघी मिळून नानकटाईचं पीठ मळायच्या आणि पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर न्यायच्या. बेकरीवाले चाचा ट्रे घेताना विचारायचे, "इसमें अंडा तो नहीं?" कारण त्यांना ते ट्रे वेगळे ठेवायचे असत, आणि काकू रुबाबात उत्तर द्यायच्या, "अंडे का काम ही नहीं हमारे में!" हमारे में म्हणताना त्या आईचा दंड धरायच्या.

काकूंच्या यजमानांना कधी आणि काय सांगितलं गेलं, मला ठाऊक नाही. एका संध्याकाळी ते ओट्यावर बसून नानकटाई चहात बुडवताना दिसले, एवढंच. बाबांनी त्यांना दुसरी पुढे केली. तीही त्यांनी घेतली.

नव्वदच्या दशकात आमची चाळ विस्कटत गेली; काकूंचं बिऱ्हाड गावच्या घरी परतलं. बाबांनी बँकेचं कर्ज काढून काल्हेरला घर घेतलं, तिथे गोदामं आणि नव्या इमारती एकमेकांना खेटून उभ्या राहत होत्या. मी कॉलेज संपवून नोकरीला लागले. काकूंच्या मुलीचं लग्न ठरलं आणि साखरपुडा गावी करायचं ठरलं. तिला साखरपुड्यात केक कापायचा होता. तेव्हा बाजारात बिनअंड्याचे केक मिळायला लागले होते, क्रीमचे, गुलाबाच्या फुलांचे. पण ती काल्हेरला येऊन आईला म्हणाली, "मावशी, तुमचाच पाहिजे. फुलं-बिलं नकोत."

आईनं दोन दिवस आधीपासून दूध आटवलं. आम्ही मोठा डबा मांडीवर घेऊन रिक्षानं गावी गेलो. अंगणात मांडव होता. काकूंचं सगळं गणगोत जमलं होतं: दीर, जावा, नणंदा. आम्हाला बघून दोन-चार माणसं आपसात कुजबुजली. आई ते ऐकून न ऐकल्यासारखं करत डबा घेऊन मधल्या घरात निघाली, तशा काकूंनी तो तिच्या हातातून घेतला आणि सगळ्यांपुढे टेबलावर ठेवला.

"केक शिस्टरबाईंच्या हातचा हाय," त्या म्हणाल्या, मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात. "माळकऱ्यांनी पन खावा. अंडं न्हाय."

केक कापला. मुलं झुंबड करून आली. बायकांनी घेतला, नवऱ्यामुलाकडच्यांनी घेतला. काकूंच्या मोठ्या दिरांच्या हातात मुलीनंच तुकडा दिला. त्यांनी तो घेतला, थोडा वेळ हातात धरला, आणि कुणी बघत नाही असं वाटल्यावर मागच्या बाकावर ठेवून दिला.

आईनं ते पाहिलं. मीही पाहिलं. मला उठून निघून जावंसं वाटलं. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला, फक्त ठेवला.

काकूंनीही पाहिलं होतं. त्या बाकापाशी गेल्या. थोरल्या दिरांसमोर त्या एरवी डोक्यावरचा पदर ढळू देत नसत. काकूंनी तो तुकडा उचलला, दिरांसमोर उभं राहून खाल्ला आणि बोटं चाटली. दिरांनी मान वळवून मांडवाच्या खांबाकडे पाहिलं.

मग जेवणाची पानं पडली. काकू आईला घेऊन गेल्या आणि पहिल्या पंक्तीला बसवलं. स्वतः वाढायचं सोडून तिच्या शेजारी बसल्या. घरच्या बाईनं पहिल्या पंक्तीला बसायची तिथे पद्धत नव्हती. जावा एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग त्यांच्यातलीच एक वाढायला पुढे आली.

परतताना रिक्षात मी आईला विचारलं, "त्या माणसाचा तुला राग आला नाही?"

"आला ना," आई म्हणाली.

ती रस्त्याकडे बघत होती. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं होती आणि मध्येच एखादं नवं गोदाम. मग ती म्हणाली, "पण काकूंना त्या घरात उद्याही राहायचंय. तरी खाल्ला तिनं."

घरी पोचल्यावर बाबांनी दार उघडलं आणि विचारलं, "केक कसा झाला?"

"मध्ये जरा बसला," आई म्हणाली, आणि पाय धुवायला मोरीत गेली.