जिन्यातून कळलेलं जेवण

रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमाराला पोलंडमधल्या क्रॉस्नो गावातल्या त्या चार मजली इमारतीत ठोकाठोक सुरू होई. अन्सेल्मो तैशेरा पोर्तुगालहून तिथे राहायला आला, तेव्हा पहिल्या रविवारी त्याला वाटलं, कुणीतरी भिंत पाडतंय. तणतणत जिन्यात आला, तर प्रत्येक दारामागून तोच आवाज आणि कोंबडीच्या सूपचा वास. घरोघरी डुकराच्या मांसाचे काप लाकडी हातोडीने ठेचणं चाललं होतं. दोन वाजता सगळं एकदम शांत झालं. माणसं जेवायला बसली होती.

काचेच्या कारखान्यात भट्ट्या दुरुस्त करायला तो दोन वर्षांसाठी आला होता. त्याला अकरा वर्षं झाली. तिकडे बायकोने दुसरा संसार थाटला, तेव्हापासून परत जायचा विषय त्याने काढलाच नाही. दुपारी कारखान्याची खाणावळ, रात्री पाव आणि डब्यातले मासे.

पोलिश जेवणाबद्दल मात्र त्याची मतं ठाम होती आणि ऐकवायला त्याला कुणीही चाले.

"तुम्ही लोक शेपू कशावरही टाकता. उद्या माझ्यावरही टाकाल," तो खाणावळीतल्या वाढपिणीला म्हणे. "आणि मासा खाणार नाताळात एकदा, तोही तळ्यातला!"

"गप जेवा हो," असं म्हणून ती आणखी एक डाव बटाटे वाढी.

ही बडबड ऐकूनच ग्रंथालयाच्या झ्डिस्लावाबाईंनी त्याला 'परक्याच्या नजरेतून आपलं जेवण' यावर बोलायला बोलावलं. तीसेक माणसं जमली. शेपूवर हशा पिकला, माशावर त्याहून जास्त. मग मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाहेरचं सोडा हो. आमच्या घरच्या जेवणाबद्दल काय म्हणणं आहे?"



"घरचं मी वासावरून सांगू शकतो," अन्सेल्मो म्हणाला. "पहिल्या मजल्यावर सूपमध्ये कांदा भाजून घालतात. माझ्या समोरच्या घरात कोबी फार वेळ शिजतो. चव नाही माहीत. अकरा वर्षांत कुणी जेवायला बोलावलं नाही ना!"

हे तो विनोदाने बोलला होता. कुणी हसलं नाही. झ्डिस्लावाबाईंनी घाईघाईने चहा मागवला. जाताना सात-आठ जणांनी हात दाबून म्हटलं, "एकदा या हं घरी." कधी, ते कुणी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी अन्सेल्मोने मांस आणलं, नवी हातोडी आणली आणि स्वतःच ठेचायला लागला. पाच मिनिटांत घंटी वाजली. दारात समोरच्या गेनोवेफाबाई. वय ऐंशीच्या घरात, हात पिठाने भरलेले. अकरा वर्षांत त्यांच्याशी नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं.

"पाहुणे आलेत?"

"नाही. माझ्यापुरतंच."

"एकट्या माणसासाठी एवढा दणदणाट?" त्या सरळ आत शिरल्या आणि एक काप उचलून उजेडात धरला. "हे मांस आहे की चाळणी? मीठ लावलंत?"

"विसरलो."

"हं. आणि माझा कोबी फार शिजतो म्हणालात म्हणे तिकडे."

अन्सेल्मो पार ओशाळला.

"खरंच आहे ते. दात कुठे राहिलेत मला?" बाई म्हणाल्या. "चला, घेऊन या ते काप. तळून देते."

त्यांच्या टेबलावर एकच ताट मांडलेलं होतं. शेगडीवर मात्र भलंमोठं पातेलं. एवढा घमघमाट सुटतो म्हणजे लेकी-सुना, नातवंडं येत असणार, असंच अन्सेल्मो इतकी वर्षं धरून चालला होता.

"आमचे हे, एडमुंड, जाऊन चौदा वर्षं झाली," बाईंनी दुसरं ताट काढलं. "थोडंसं करायचं म्हटलं की माझं मीठच चुकतं. मग उरलेलं गुरुवारपर्यंत खाते."

सूप गरम होतं, शेवया मऊ होत्या, वर शेपू होता. अन्सेल्मोने शेपूसकट सगळं संपवलं. दुसऱ्यांदा मागून घेतलं.

निघताना त्याने विचारलं, "पुढच्या रविवारी माझ्याकडे याल?"

बाईंनी टेबलावरचे पावाचे कण तळहातात गोळा केले. "दर रविवारी नको हो. सवय लागली की मग जड जातं."

शेवटी महिन्याचा पहिला रविवार ठरला, तोही बाईंकडेच. त्या दिवशी दोघं जेवतात, फारसं बोलत नाहीत. तो बशा विसळतो आणि चार पावलं चालून आपल्या घरी येतो. मग एकट्याची ती संध्याकाळ त्याला इतर रविवारांपेक्षा लांब वाटते, हे त्याने बाईंना सांगितलेलं नाही.