शरयूताईंचे राहून गेलेले प्रकरण

प्राध्यापिका शरयू मुजुमदार यांना मी प्रथम पाहिले ते स्वयंपाकघराच्या पडद्याआडून. तेव्हा आम्ही शहराच्या हजीरा भागात एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. ताई सरकारी कारखान्यांच्या अर्थशास्त्रावर संशोधन करीत व घरोघर जाऊन प्रश्न विचारीत. आमच्या घरी उत्तरे माझ्या यजमानांनी, शिवाजीरावांनी, दिली. मी पाण्याचा पेला दाराशी ठेवला.

"पत्नी काय काम करतात?"

"काही नाही. घरीच असते."

ताईंनी तसे लिहून घेतले.

वास्तविक मी कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज पोळ्या लाटत असे. आम्हा बावीस बायांची नावे हजेरीपटावर नव्हती. घरची सून बाहेर कामास जाते, हे पाहुण्यांपुढे बोलण्याची आमच्यात रीत नव्हती.

पुढे कारखाना बंद झाला. कोणाकोणाचे काम गेले, याविषयी ताईंचा ग्रंथ निघाला. त्या विभागप्रमुख झाल्या. ग्रंथात आम्ही नव्हतो.

पासष्टाव्या वर्षी मी त्याच शहरातील नया बाजारात, मराठी मंडळाच्या प्रौढ साक्षरता वर्गात नाव घातले. शिकवावयास निवृत्त शरयूताई होत्या. एकदा त्यांनी 'माझे काम' या विषयावर पाच वाक्ये लिहावयास सांगितली. मी पोळ्यांविषयी लिहिले. ताईंनी माझी वही दोनदा वाचली.

"कोणता कारखाना?"

मी सांगितले.

"त्या वसाहतीत मी प्रत्येक घरी आले होते."

"हो ताई. पाणी मीच दिले होते. आपण अर्धेच प्यायलात."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला कुठे विचारलेत? यजमानांना विचारलेत."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी मला कंपू मोहल्ल्यातील आपल्या घरी बोलावले. त्या एकट्याच राहतात. एक खुर्ची सोडून बाकी सर्व खुर्च्यांवर पुस्तके होती. मला बसण्यासाठी त्यांना एक रिकामी करावी लागली. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून आणलेली स्वतःच्याच ग्रंथाची प्रत त्यांनी दाखवली. मागच्या चिठ्ठीवर इतक्या वर्षांत दोनच शिक्के होते.

"दोन्ही वेळा मीच नेली," त्या म्हणाल्या.

राहिलेले प्रकरण लिहावे, असे त्यांच्या मनाने घेतले. मदतीसाठी जुन्या विद्यार्थ्यांना पत्रे पाठवली; एकाचेही उत्तर आले नाही. महाविद्यालयाने कळवले की विषय आता जुना झाला.

मी म्हटले, "कोणी वाचणार नाही, तर शिणता कशाला?"

"चूक माझी आहे, अनसूयाबाई. मी गेल्यावर ती तशीच छापलेली राहील."

संपूर्ण हिवाळा मी दर गुरुवारी गेले. बावीस नावे मला पाठ होती. नऊ जणी हयात निघाल्या. त्यांना मी ताईंकडे नेले. या वेळी ताईंनी त्यांच्याशीच बोलणे केले, आणि मूळ ग्रंथ इंग्रजीत असूनही हे प्रकरण मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिले.

ते पूर्ण झाले त्या दिवशी त्यांनी कागद व एक पेन्सिल माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, "हे तुम्ही स्वतः वाचा. जिथे माझे चुकले असेल, तिथे खूण करा."